मध्यरात्रीनंतर तारे मऊ यायला लागतात तेव्हा

समस्या नेहमी एकाच क्रमाने येते. रात्री साडेबाराला काढलेल्या फोटोत तारे टाचणीच्या टोकाएवढे असतात. एक वाजता तेच तारे जरा जाडसर होतात, ठळक ताऱ्यांभोवती बारीक खळं दिसायला लागतं. सव्वाला आकाशगंगेतला काळा पट्टा करडा पडतो, आणि दीड वाजता सगळं चित्र दुधात बुडवून काढल्यासारखं. एवढ्या वेळात कॅमेऱ्याच्या एकाही बटणाला हात लागलेला नसतो.

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसला राहते. गेली सहा वर्षं जून ते ऑगस्टमध्ये जमेल तेव्हा चार तास गाडी हाकून उत्तरेला ईलीच्या आसपासच्या तळ्यांवर जाते. रात्री आकाश आणि पहाटे लून पक्षी, असा बेत असतो. तिकडे जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो, आणि शब्दही जवळपास तेच असतात: "सुरुवातीचे फोटो छान आलेत, नंतरचे धूसर. फोकस सरकतोय का?" बहुतेक वेळा फोकस जिथल्या तिथे असतो. लेन्सच्या पुढच्या काचेवर दहिवर पडलेलं असतं. ओळखीतल्या एकाने याच कारणासाठी लेन्स बदलून घेतली, आणि नव्या लेन्सनेही त्याच तळ्यावर, त्याच सुमाराला तेच केलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी काच बघा

सेटिंग बदलण्याआधी एक करा. टॉर्च तळहाताने निम्मी झाका आणि लेन्सच्या काचेवर बाजूने, तिरपी मारा. समोरून मारलीत तर काच स्वच्छच वाटते. तिरप्या उजेडात मात्र दूध तापून निवल्यावर त्यावर साय धरते तशी बारीक दाणेदार साय दिसते. बोट लावून खात्री करायची गरज नाही. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या खेपेला तिथे दहिवर डागाडागांनी धरतं.

साय दिसली तर प्रश्न मिटला, खाली वाचा. काच खरोखर कोरडी असेल तर कॅमेरा वर वळवा आणि अभिजित ताऱ्याचा एक फोटो काढा. जूनअखेर मध्यरात्रीनंतर तो इथे जवळपास डोक्यावर असतो. अभिजित स्वच्छ आला आणि दक्षिण क्षितिजावरची आकाशगंगा तेवढी धुरकट आली, तर दोष लेन्सचा नाही, मधल्या हवेचा आहे.

हा दुसरा प्रकार महाराष्ट्रातून इकडे आलेल्यांना विशेष चकवतो. पुण्याहून बघितलं तर आकाशगंगेचा गाभा, म्हणजे धनू आणि वृश्चिकेच्या शेपटीजवळचा सगळ्यात तेजस्वी भाग, दक्षिणेला ४० अंशांहून वर चढतो. ईली ४८ उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे आहे. इथे तोच गाभा फार फार तर १३ अंश वर येतो. तळ्यापलीकडच्या पाईनच्या शेंड्यांना जेमतेम ओलांडतो म्हणा ना. ज्येष्ठा नक्षत्राची लाल तारका आपण घरी अर्ध्या आभाळात बघितलेली असते, इथे ती झाडांमध्ये शोधावी लागते. उलट ध्रुवतारा पुण्यात साडेअठरा अंशांवर, इथे ४८ वर. एवढ्या खालून येणारा उजेड हवेच्या कितीतरी जाड थरातून येतो, आणि त्यात तळ्यावरची वाफ मिसळते. पेंचला किंवा भंडारदऱ्याला काढलेल्या फोटोशी त्याची तुलना करून लेन्सला दोष देऊ नका. इथे गाभ्यापेक्षा हंस नक्षत्राकडचा, वरचा भाग जास्त चांगला येतो, आणि माझ्या मते इथलं आकाश तिथेच खुलतं.

हे दहिवर येतं कुठून

आपल्याकडे हिवाळ्यात गाडी अंगणात उघड्यावर लावली तर सकाळी टप ओलाचिंब असतो, आणि आंब्याखाली लावली तर कोरडा. लेन्सचं अगदी तेच होतं. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते. परत मिळते ती कमी, त्यामुळे ती वस्तू आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेत बाष्प भरपूर असेल तर अशा थंड पृष्ठभागावर त्याचं पाणी होतं. झाडाखालची गाडी कोरडी राहते, कारण तिच्यावर आभाळाऐवजी फांद्या असतात.

आता बाउंडरी वॉटर्सचा, म्हणजे ईलीलगतच्या या तळ्यांच्या रानाचा, विचार करा. दहा लाख एकरांहून मोठं रान, त्यात हजाराहून जास्त तळी. जुलैचा दिवस दमट, पाणी दिवसभर तापलेलं, रात्री वारा पडलेला, आभाळ निरभ्र. ज्या रात्री तारे सगळ्यात सुंदर दिसतात त्याच रात्री दहिवरही सगळ्यात जास्त पडतं. ढगाळ रात्री लेन्स कोरडी राहते, पण त्या रात्री कोण जातंय तारे टिपायला?

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. लेन्स जेवढी वर वळवाल तेवढं जास्त आभाळ तिच्या समोर येतं आणि तेवढी ती लवकर निवते. क्षितिजाकडे रोखलेल्या लेन्सवर साय धरायला तास लागला, तर पर्सिड उल्कांसाठी डोक्यावर रोखलेल्या लेन्सवर अर्ध्या तासातच धरलेली मी पाहिली आहे.

इथे रात्र छोटी असल्यामुळे हे जास्त छळतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ईलीला खरा काळोख, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांहून खोल गेल्यावरचा, जेमतेम दीड तास टिकतो. साधारण साडेबारा ते दोन. आणखी उत्तरेला व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानाकडे गेलात तर त्या आठवड्यात तोही जवळपास मिळत नाही, उत्तर क्षितिजावर रात्रभर फिकट उजेड राहतो. दीड तासातली चाळीस मिनिटं दहिवरात गेली तर मागे उरतं काय? ऑगस्टच्या मध्यावर हाच काळोख पाच तासांच्या वर जातो, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ऑगस्टची अमावास्या सुचवते. तेव्हा गाभा अंधार पडतापडताच नैर्ऋत्येकडे कलायला लागलेला असतो, तेवढं पत्करावं लागतं.

उपाय: दहिवर पडूच द्यायचं नाही

पडलेलं दहिवर पुसणं हा उपाय नव्हे. पुसलं की काच ओलसर राहते, ओढल्याच्या रेघा उमटतात, आणि थंड काचेवर दहा मिनिटांत पुन्हा साय. काच आसपासच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम ठेवायची, एवढंच काम आहे.

त्यासाठी गरम होणारा पट्टा मिळतो. लेन्सभोवती गुंडाळायचा, पॉवर बँकेला जोडायचा. दुर्बीणवाले तो फार पूर्वीपासून वापरतात. महाग नसतो. पण विकत घेऊनही लोकांचे फोटो धूसर येतात, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पट्टा चुकीच्या जागी बांधला जातो. तो पुढच्या काचेच्या जितका जवळ तितका चांगला, फोकसच्या कड्यावर नव्हे. कड्यावर बांधला तर काच थंडच राहते आणि गुंडाळताना फोकस हलतो तो वेगळाच. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायची नळी, लावायचाच, कारण तो काचेसमोरचं आभाळ कमी करतो. नुसत्या हुडावर कोरड्या रात्री भागतं, तळ्याकाठी भागत नाही.

पट्टा उशिरा चालू केला जातो. साय दिसल्यावर चालू केला तर काच निवळायला दहा-पंधरा मिनिटं जातात. मी ट्रायपॉड लावल्याबरोबर, संध्याकाळच्या उजेडातच, पट्टा मधल्या आचेवर चालू करते. सगळ्यात वरच्या आचेची गरज पडत नाही. जास्त तापवलं तर काचेसमोरची हवाच हलायला लागते आणि तारे वेगळ्याच कारणाने पसरतात.

पॉवर बँक मध्येच बंद पडते. पाच वॅट खाणारा पट्टा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर साधारण सहा तास चालतो, पण काही पॉवर बँका कमी भार दिसला की आपोआप झोपी जातात. घरी गच्चीवर किंवा गॅलरीत दोन तास चालवून बघा. रानात जाऊन कळण्यापेक्षा बरं. बँक ट्रायपॉडला कापडी पिशवीत टांगा, ओल्या गवतावर ठेवू नका.

पट्टा नसेल तर हात शेकायच्या पुड्या, ज्या फोडल्या की हवेने गरम होतात, त्या दोन पुड्या रबर बँडने लेन्सच्या तोंडाशी बांधा. मोज्याचा वरचा भाग कापून त्यावर चढवला की ऊब टिकते. माझी पहिली दोन वर्षं यावरच निघाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. फोकस पट्टा तापल्यावर लावायचा. लेन्स गरम झाली की आतल्या धातूचं आणि काचेचं माप किंचित बदलतं, आणि पूर्ण उघड्या अपर्चरला तेवढा फरक पुरतो. संध्याकाळी लावलेला फोकस रात्री चुकतो तो यामुळे. पट्टा चालू करून वीस मिनिटं गेली की स्क्रीनवर स्वाती किंवा अभिजित दहापट मोठा करा आणि कडं अगदी हळू फिरवा. तारा लहान होत होत टाचणीएवढा होतो, आणि पुढे गेलात की पुन्हा फुगतो. तो फुगायला लागला की मागे या. दोन-तीन वेळा असं पुढेमागे केलं की बोटांना जागा कळते. मग ऑटोफोकस बंद आणि कड्यावर चिकटपट्टीचा तुकडा. कड्यावरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका.

बाकी संशयित

डासांचं औषध. हे अजिबात हलक्यात घेऊ नका. जून-जुलैत इथले डास कपड्यावरून चावतात, म्हणून सगळे डीट असलेलं औषध चोपडतात. डीट प्लॅस्टिक विरघळवतं. बोटांना लागलेलं डीट कॅमेऱ्याच्या रबरी पकडीला आणि बटणांना चिकट करून टाकतं, आणि काचेवर त्याचा एक ठसा उमटला की सगळ्या दिव्यांना आणि ताऱ्यांना शेपट्या फुटतात. पिकारिडिन असलेलं औषध घ्या, ते प्लॅस्टिकला काही करत नाही. तरीही लावताना मनगटापर्यंतच लावा, बोटं कोरडी ठेवा. फवारा कॅमेऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन मारा.

संरक्षणासाठी लावलेला फिल्टर रात्री काढून ठेवा. फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये बाष्प धरलं तर ते बाहेरून पुसता येत नाही आणि पट्टाही तिथे उशिरा पोचतो.

एसी केबिनमधून थेट बाहेर काढलेला कॅमेरा पहिल्या मिनिटालाच धुरकटतो. कोकणात पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा.

तारे गोल न येता सगळे एकाच दिशेला ओढलेले असतील तर ते दहिवर नाही. एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, लांब झालंय, किंवा ट्रायपॉडवर स्थिरीकरण चालू राहिलंय. ५०० ला फोकल लेंथने भागायचा जुना नियम आजच्या कॅमेऱ्यांना सैल पडतो. फुल फ्रेमवर २० मिमीला तो २५ सेकंद सांगतो, मी १३ च्या पुढे जात नाही. आणि लांब एक्स्पोजरचा नॉइज घालवणारा पर्याय बंद ठेवा. तो प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ बंद शटरने दुसरा फोटो घेतो, म्हणजे दीड तासाची रात्र पाऊण तासावर येते.

पहाटेची तीच तक्रार, पण कारण वेगळं

रात्र सरली की पट्टा सोडायचा, मोठी लेन्स चढवायची आणि लूनकडे वळायचं. पाणकावळ्याहून थोराड, काळं कुळकुळीत डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी, लालबुंद डोळा. मिनेसोटाचा हा राज्यपक्षी. अंधारात त्याची लांब, चढत जाणारी हाक या काठावरून त्या काठावर जाते आणि पलीकडून उत्तर येतं. ते पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी फोटो काढायचं विसरून बसले होते.

लूनचे फोटोही मऊ येतात, आणि लोक पुन्हा दहिवर शोधत बसतात. इथे टॉर्चऐवजी दुसरी परीक्षा घ्या. स्थिर बसलेल्या पक्ष्याचे एका दमात वीस फोटो काढा आणि घरी गेल्यावर शंभर टक्क्यांवर शेजारीशेजारी ठेवून बघा. वीसच्या वीस सारखेच मऊ असतील तर काच, फिल्टर किंवा फोकस. सगळे एका दिशेला घासल्यासारखे असतील तर हात किंवा कनू, म्हणजे वल्ह्याची होडी, हलली आहे. आणि काही फोटोंत डोळा लख्ख, काहींत चोच वाकडी, पाठीवरच्या चौकटी विस्कटलेल्या, असं लहरीपणाने होत असेल तर तो हवेचा खेळ आहे.

पहाटे पाणी कोमट आणि वरची हवा थंड असते. पाण्यालगतची गरम हवा वर चढत राहते आणि ५०० मिमीच्या लेन्समधून ती चुलीवरच्या धगीसारखी चित्र थरथरवते. हे महागड्या लेन्सने जात नाही, शटर वाढवून जात नाही, कॉम्प्युटरवरही जात नाही. मधली हवा कमी करणं एवढाच इलाज, म्हणजे पक्षी जवळ असणं. ढगाळ, किंचित वाऱ्याची पहाट मिळाली तर थरथर खूप कमी असते. धुक्यातून सोन्यासारखा उजेड येतो त्या सुंदर पहाटे ती सगळ्यात जास्त असते, तेव्हा पक्ष्याचं जवळचं चित्र सोडून धुक्यासकट तळ्याचं मोठं चित्र घ्या. मोठ्या लेन्सचा हूड उबदार गाडीतून नुकताच आला असेल तर त्याच्या नळीतही गरम हवा कोंडून अशीच थरथर होते. पहिली वीस मिनिटं हूड काढून ठेवा.

पक्षी जवळ हवा म्हणून त्याच्यामागे वल्ही मारत जायचं नाही. लूनचं घरटं अगदी पाण्याच्या कडेला असतं, कारण त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. माणूस जवळ आला की तो घरट्यावरून पाण्यात उतरतो, अंडी उघडी पडतात, आणि गरुड किंवा रॅकून वाटच बघत असतात. त्याने थरथरत्या, हसल्यासारख्या आवाजात ओरडायला सुरुवात केली तर ते हसू नाही, तो घाबरलाय. छाती काढून पाण्यावर उभा राहिला तर तुम्ही कधीच फार जवळ पोचला आहात. लगेच मागे वळा.

मी घरट्यांपासून लांब, काठावर एका जागी गुडघे टेकून बसते आणि वाट बघते. जूनअखेर पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात, आणि अशी जोडी मासे शोधत फिरताफिरता स्वतःहून वीस-पंचवीस मीटरवर येऊन गेली आहे. मागच्या जुलैत एक पिल्लू पंखातून नुसतं डोकं काढून माझ्याकडे बघत होतं. तपकिरी मऊ पिसं, चोचीच्या टोकावर पाण्याचा एक थेंब. लेन्स पाण्यापासून हातभरच वर होती आणि मधली हवा इतकी कमी की तो थेंबही वेगळा दिसतो.

एक्स्पोजरबद्दल थोडक्यात: काळ्या डोक्याकडे बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरी छाती जळते. एक स्टॉपपर्यंत, म्हणजे उजेड निम्म्यापर्यंत, कमी करा, डोक्यातला तपशील नंतर उचलता येतो. काठावरून १/१०००, कनूतून १/१६००, आयएसओ आपोआप.

परत निघताना थंड कॅमेरा उबदार गाडीत तसाच नेऊ नका. काठावर असतानाच तो झिपच्या मोठ्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि मिनिआपोलिसच्या वाटेवर निदान तासभर पिशवी उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरून धरेल. कार्ड आधीच काढून खिशात ठेवलंत तर वाटेत चहाला थांबल्यावर फोटो बघता येतात.